जुनी कुऱ्हाड दुरुस्त करताय? या चुका टाळा

गंज चढलेली, दांडा डुगडुगणारी कुऱ्हाड भंगारात घालायची घाई करू नका. गंजाने तिचं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं चुकीच्या दुरुस्तीने होतं.

पहिला घात ग्राइंडरचा. कुऱ्हाडीची सगळी किंमत तिच्या धारेला दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून-विझवून आणलेल्या कठीणपणात असते. लोहार धार लाल तापवून विझवतो, मग बेताची ऊब देऊन ठिसूळपणा घालवतो. ग्राइंडरखाली ही पातळ कड काही क्षणांत तापते. कडेवर फिकट पिवळा रंग दिसला की 220-230 अंश सेल्सिअस गाठले, निळा दिसला की 300च्या आसपास. निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं. मग ती बादलीत बुडवली तरी गेलेलं पाणी परत येत नाही. अशी धार ओंडक्यात वळते. शंका असेल तर कानस फिरवून बघा. चांगल्या जागी जोर लावावा लागतो, उतरलेल्या जागी कानस सहज खाते. निळी पट्टी अरुंद असेल तर कानशीने तेवढी काढून टाका, रुंद असेल तर पुन्हा पाणी द्यायला लोहाराकडे न्या. एरवी कानस आणि ओला दगड पुरेत.

याच कारणाने अडकलेला दांडा काढायला पातं चुलीत घालू नका. दांडा पात्यालगत कापा, आतल्या लाकडाला भोकं पाडा आणि उरलेलं ठोकून बाहेर काढा.

गंजासाठी रॉकेल आणि तारेचा ब्रश बहुतेक वेळा भागवतात. व्हिनेगर वापरलंच तर रात्रभर पुरे. दिवसेंदिवस भिजत ठेवलं तर आम्ल चांगलं लोखंडही खातं. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून लगेच तेल लावा. खालचा काळपट थर गंज नव्हे, तो राहू द्या.

आता दांडा. सैल झाला की कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवायची, हे गावोगाव चालतं आणि त्या दिवसापुरतं कामही होतं. पण फुगलेलं लाकूड लोखंडात कोंडून त्याचे तंतू चेपतात. वाळल्यावर ते आधीपेक्षा जास्त आकसतं. राबताना पातं निसटलं तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो. त्यावर उपाय नव्या पाचरीचा. खिळा ठोकू नका, दांडा चिरतो. दांडा नवाच घालायचा तर बाभूळ किंवा धावड्याचा घ्या, पण पुरता वाळलेला, बिनगाठीचा, आणि रेषा लांबीने सरळ धावणारा.

रंग-व्हार्निश नको, हात घसरतो आणि फोड येतात. जवसाचं तेल चोळा. मात्र तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका; हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळ्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.