बिअरच्या वॉर्टमध्ये ऑक्सिजन कसा मिसळावा

वॉर्ट म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी. तासभर उकळलेल्या वॉर्टमध्ये विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ उरतच नाही. यीस्टला मात्र तो अगदी सुरुवातीला लागतो. त्याच्या मदतीने ते स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं तयार करतं, आणि त्यांच्याशिवाय नव्या पेशींचं आवरण धड बनत नाही. ऑक्सिजन कमी पडला की आंबणं उशिरा सुरू होतं, मध्येच अडकतं आणि बिअर गोडसर राहते.

साध्या एलसाठी (कोमट तापमानाला आंबणारी बिअर) ८ ते १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) ऑक्सिजन पुरतो. लागर (थंडाव्यात आंबणारी बिअर) आणि कडक, म्हणजे जास्त अल्कोहोलच्या, बिअरला त्याहून जास्त लागतो.

आधी वॉर्ट यीस्ट घालण्याच्या तापमानापर्यंत थंड करा. एलसाठी साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस. गरम वॉर्टमध्ये हवा खेळवू नका. गरम द्रवात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि जो विरघळतो तो वॉर्टमधल्या घटकांशीच संयोग पावतो.

उपकरणं नसतील तर निर्जंतुक केलेल्या दोन भांड्यांत वॉर्ट उंचावरून आलटून पालटून ओता, किंवा प्लास्टिकचा फर्मेंटर (आंबवण्याचं भांडं) झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवा. काचेचा कार्बॉय (मोठी बाटली) हलवू नका. ओल्या हातातून निसटला तर गंभीर इजा होते. हवेत ऑक्सिजन जेमतेम २१ टक्के असल्याने कितीही हलवलं तरी ८ पीपीएमच्या आसपासच मर्यादा येते. मत्स्यालयाच्या पंपालाही हीच मर्यादा आहे. पंप वापरताना नळीत जंतुरोधक हवा-फिल्टर बसवा, २० ते ३० मिनिटं चालवा आणि फेस उतू जात असेल तर थोडा थांबवून पुन्हा सुरू करा.

मूळ घनता (आंबण्याआधी वॉर्ट पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा) १.०६० च्या वर असेल तर सरळ ऑक्सिजन सिलिंडर घ्यावा. सोबत रेग्युलेटर, फ्लोमीटर आणि ०.५ मायक्रॉनचा स्टेनलेस स्टीलचा डिफ्यूजन स्टोन (गॅसचे बारीक बुडबुडे करणारं सच्छिद्र टोक) लागेल.

१. स्टोन १० मिनिटं पाण्यात उकळा. त्यानंतर त्याला बोट लावू नका. त्वचेच्या तेलाने छिद्रं बुजतात.

२. आधी गॅस सुरू करा, मग स्टोन तळापर्यंत सोडा. उलट केलंत तर वॉर्ट छिद्रांत शिरतो.

३. २० लिटरला मिनिटाला १ लिटर या वेगाने ६० सेकंद द्या. कडक बिअरला ९० ते १२० सेकंद. वर मोठे बुडबुडे फुटत असतील तर प्रवाह कमी करा, कारण तो गॅस न विरघळताच वाया जातोय.

४. गॅस चालू असतानाच स्टोन बाहेर काढा, गरम पाण्यात धुवा आणि लगेच यीस्ट घाला.

रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीच लावू नका, आणि शेगडी बंद ठेवा. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगीचीही आग होते. शिवाय हवेने अतिरेक होणं कठीण, पण सिलिंडरने सहज होतो. म्हणून घड्याळ लावूनच काम करा.

कोरडं यीस्ट पहिल्यांदा वापरताना यातलं काही नाही केलं तरी चालतं. ते हवेशीर वाढवलेलं असल्याने पेशींत स्टेरॉलचा साठा असतो. आधीच्या बिअरच्या तळाशी साठलेलं यीस्ट पुन्हा वापरताना मात्र ऑक्सिजन द्यायलाच हवा.

मूळ घनता १.०८५ च्या वर असेल तर यीस्ट घातल्यावर साधारण १२ तासांनी दुसरा छोटा डोस उपयोगी पडतो. आंबणं जोरात सुरू झाल्यावर मात्र ऑक्सिजन अजिबात नको. त्याने बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते.