साथीच्या दिवसांत प्लेटलेट दात्यांची वही कशी ठेवावी

मी ऐरोलीत राहते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बहिणीच्या मुलाची केमो चालू होती. रक्ताचा कर्करोग. केमोनंतर प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, दहा हजारांखाली गेल्या की त्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं. दाते जमवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात सगळ्यांत जास्त बोलते ती मीच.

आधी हे लक्षात घ्या, की प्लेटलेटचा साठा करता येत नाही. लाल पेशी फ्रीजमध्ये महिनाभर टिकतात. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस, त्याही २० ते २४ अंशांत आणि सतत हलत्या ट्रेवर. रक्तपेढीच्या काचेतून मी त्या पिवळसर पिशव्या पाळण्यात घातल्यासारख्या झुलताना पाहिल्यात. टाळेबंदीत कॉलेजं, ऑफिसं बंद, म्हणजे शिबिरंही बंद. ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली गेली, तिथलं रक्त वाचलं. पण केमोवरच्या मुलाचा काउंट, म्हणजे प्लेटलेटचा आकडा, साथ बघून उतरायचा थांबत नाही.

माझी पहिली चूक सांगते. घाबरून सोसायटी, माहेर, शाळा, सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर निरोप टाकला. एकाच सकाळी सात जण हजर. गरज एकाची. बाकीचे हात हलवत परत. पुढच्या मंगळवारी फोन केले तर, "काकू, परवाच येऊन गेलो की!" त्या दिवशी दोनशे पानी वही काढली.

दर दात्याला एक पान. रक्तगट, वजन (पन्नास किलोंच्या वर हवं), शेवटचं रक्तदान कधी, आणि गाडी आहे का. लोकल बंद असताना हा शेवटचा रकाना रक्तगटाइतकाच मोलाचा होता. डोंबिवलीचा कितीही उत्साही दाता असो, कोपरखैरण्याचा बाइकवाला आधी. पोलिसांना दाखवायला रक्तपेढीकडून दात्याच्या नावाचं पत्र फोनवर मागवून घ्यायचं. प्लेटलेट देताना मशीन दात्याच्या रक्तातून फक्त प्लेटलेट काढून घेतं आणि बाकीचं रक्त त्याला परत देतं. त्याऐवजी साधं रक्तदान केलं असेल तर २८ दिवस थांबा. अॅस्पिरिन घेतली असेल तर तीन दिवस. प्लेटलेट दिल्यावर नियमाने ४८ तासांनी पुन्हा देता येतात, पण मी कुणालाही पंधरा दिवसांच्या आत बोलावलं नाही. माणूस टिकला पाहिजे. पुढे बोन मॅरो बदलायचा विचार असेल, तर पेशंटच्या सख्ख्या भावंडांना दाता करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता पाळी लावा. केमोनंतर कितव्या दिवशी काउंट उतरतो ते डॉक्टर सांगतात. आमच्याकडे दहाव्याच्या आसपास. त्याआधी एक दाता पक्का, एक राखीव, दोघांचेही नमुने तपासून तयार. एड्स, कावीळ, मलेरियाच्या तपासण्यांना वेळ लागतो. काउंट पडल्यावर धावाधाव केली तर तो वेळ आपल्या हातात नसतो.

फोनवर "जीव वाचवा हो" म्हणू नका, माणूस दडपतो. दीड तास लागेल, कोविडचा वॉर्ड वेगळ्या इमारतीत आहे, सकाळी भरपूर खाऊन ये पण वडापाव नको, असं सांगा. तेलकट खाल्लं की प्लाझ्मा दुधासारखा दिसतो आणि दात्याला परत पाठवतात. ओठांना मुंग्या येतील हेही आधीच सांगा. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं त्याने शरीरातलं कॅल्शियम घटतं, कॅल्शियमची गोळी दिली की बरं वाटतं. मी हे सांगायला विसरले, तर रबाळ्याच्या एका रिक्षावाल्याने खुर्चीतूनच फोन केला, "मावशी, ओठ बधिर झाले. कोरोना झाला का मला?"

लस आली तेव्हा वहीत नवा रकाना वाढला. मार्च २०२१ मध्ये लसीनंतर २८ दिवस रक्तदान बंद होतं, मे महिन्यात ते १४ दिवसांवर आलं. त्याच १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली. म्हणजे वहीतली सगळी तरणी पोरं एकदम बाद व्हायची वेळ! लस लांबवायला कुणालाही सांगितलं नाही. फक्त ज्याचा लसीचा नंबर परवा, त्याला प्लेटलेट द्यायला आज बोलावलं.

आणि पावसाळ्यासाठी चार नावं बाजूला ठेवा. डेंग्यू सुरू झाला की प्लेटलेटसाठी सगळेच फोन फिरवतात. आमच्या चौघांत तो रिक्षावाला होता. त्याच्या पानावर नऊ तारखा आहेत, आणि दुसरीपासून प्रत्येकीपुढे त्यानेच लिहिलंय, "गोळी आधी घेतली."