मैफिलीची जुनी टेप कॉम्प्युटरवर घेताना या चुका टाळा

२६ एप्रिल १९७५. लॉस एंजेलिसच्या मेमोरियल स्पोर्ट्‌स अरीनात पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे सलग पाच दिवस कार्यक्रम होते, त्यातला हा चौथा. त्या रात्री प्रेक्षकांत माइक मिलार्ड नावाचा एक चाहता नाकामिची ५५० हा कॅसेट डेक आणि एकेजीचे दोन माइक घेऊन बसला होता. एवढं जड धूड व्हीलचेअरमध्ये दडवून आत न्यायची त्याची युक्ती संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे. ती टेप पुढे कित्येक वर्षं हातोहात फिरली. मिलार्ड १९९४ साली गेला, आणि त्याच्या मूळ टेप नष्ट झाल्या असंच बरीच वर्षं सगळे धरून चालले होते. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये बँडच्या ‘विश यू वेअर हिअर’ या अल्बमच्या पन्नाशीच्या आवृत्तीत हेच रेकॉर्डिंग अधिकृतपणे निघालं. त्याची साफसफाई केली स्टीव्हन विल्सनने. २००९ च्या डिसेंबरात आपला बँड पोर्क्युपाइन ट्री घेऊन आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेलेला तोच हा विल्सन.

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या चाहत्यांना अशा टेपांचं एवढं वेड का, याचं उत्तर त्याच रात्रीच्या गाण्यांत सापडतं. ‘विश यू वेअर हिअर’ तेव्हा बाजारात आलेली नव्हती. ‘ॲनिमल्स’ तर १९७७ ची, पण तिच्यातली दोन मोठी गाणी बँड वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या शब्दांत आधीच वाजवत होता. गाणं घडत असताना कसं होतं, हे या टेपांशिवाय कुठे ऐकायला मिळणार? म्हणून त्या जपायच्या. आणि बहुतेक टेपांची वाट मैफिलीत लागलेली नसते, नंतर आपल्यासारख्या हौशी लोकांच्या हातून लागते.

माझा नियम साधा आहे. यंत्राने बिघडवलं असेल ते दुरुस्त करायचं आणि सभागृहाने जे दिलं त्याला हात लावायचा नाही. चुकलेला वेग, टेप वाचणारं हेड वाकडं असणं, बॅटरी उतरल्यामुळे चढलेला सूर ही यंत्राची करणी. टाळ्या, घुमारा, मागच्या रांगेतल्याची आरोळी हा सभागृहाचा भाग. पुढच्या बहुतेक चुका ही दोन खाती एकत्र केल्यामुळे होतात.

कॅसेट न तपासता डेकमध्ये घालणे

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यांतून गेलेली कॅसेट असेल तर आधी तिच्या खिडकीतून रिळाच्या कडा उजेडात बघा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट चालवली की बुरशी डेकच्या हेडवर, टेप ओढणाऱ्या पिंच रोलरवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती बाजूला काढा, आधी साफ करून घ्या. आतल्या छोट्या स्प्रिंगवरचा फेल्टचा तुकडा गळून पडलाय का तेही बघा. तो नसेल तर टेप हेडला नीट चिकटत नाही आणि आवाज येतो-जातो. स्क्रूवाली चांगली रिकामी कॅसेट घेऊन रिळं तिच्यात बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

अ‍ॅझिमथकडे दुर्लक्ष

सगळ्यांत जास्त नुकसान या एका चुकीने होतं आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने ते पुरतं भरून येत नाही. अ‍ॅझिमथ म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन. टेप ज्या डेकवर रेकॉर्ड झाली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकच्या हेडचा कोन क्वचितच जुळतो. केसभर फरक असला तरी वरचे सूर पडतात. झांजा बोथट होतात, टाळ्या गोधडीखालून आल्यासारख्या वाटतात. लोक म्हणतात, “जुनी टेप आहे, चालायचंच.” आणि ट्रेबल वाढवून मोकळे होतात.

त्याऐवजी आवाज मोनोवर करा आणि टाळ्यांचा किंवा हाय-हॅटचा भाग लावा. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी थोडा, पाव वळसासुद्धा नको, इकडेतिकडे फिरवत ऐका. एका जागी आवाज अचानक उघडतो. मोनोवर करायचं कारण असं, की डावी-उजवी बाजू वेळेत पुढेमागे असेल तर बेरजेत वरचे सूर एकमेकांना मारतात; जुळल्या की ते परत येतात. ही कटकट इतकी खरी आहे की नाकामिचीने १९८२ मध्ये ‘ड्रॅगन’ नावाचा डेक काढला, तो चालता चालता अ‍ॅझिमथ स्वतःच जुळवायचा. साधा डेक असेल तर प्रत्येक कॅसेटला आणि तिच्या प्रत्येक बाजूला हे पुन्हा करा. आधी हेड आणि रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, हे वेगळं सांगायला नको.

डॉल्बीचं, म्हणजे टेपची सरसर कमी करणारं, बटण याच्यानंतर. टेप डॉल्बी बीवर रेकॉर्ड झाली असेल तरच ते दाबायचं. अ‍ॅझिमथ चुकलेला असताना दाबलंत तर डॉल्बीला वरचे सूर प्रत्यक्षापेक्षा क्षीण दिसतात आणि तो ते आणखी दाबतो.

वेग अंदाजाने ठरवणे

“स्टुडिओच्या प्रतीशी जुळवलं” असं सांगून लोक मोकळे होतात. पण मंचावर बँड दुसऱ्या पट्टीत वाजवत असेल तर? गायकाचा गळा बसला म्हणून पट्टी उतरवणं प्रत्येक बँडला कधी ना कधी करावं लागतं. आधार दुसरीकडे शोधावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा टेपमध्येच असतो.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, युरोपात आणि आपल्याकडे ५० ची. मंचावरच्या अँप्लिफायरची घूं टेपमध्ये बारीकशी उमटलेली असते. दोन गाण्यांमधली शांत जागा निवडा, स्पेक्ट्रम (कुठला सूर किती जोरात आहे याचा आलेख) काढा आणि ६० किंवा त्याच्या दुपटीला, १२० ला, रेघ आहे का बघा. रेघ १२३ वर असेल तर टेप अडीच टक्के जलद पळतेय, म्हणजे गायक जवळजवळ पाव स्वर वर गातोय. अमेरिकेतल्या टेपमध्ये नेमकी ५० वर रेघ दिसली तर ती बहुधा तुमच्या घरची. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवून पुन्हा घ्या.

दुसरा भरवशाचा साक्षीदार म्हणजे हॅमंड ऑर्गन. जुन्या हॅमंडमधली टोनव्हील फिरवणारी मोटर विजेच्या हर्ट्‌झशी बांधलेली असते, त्यामुळे तो सहसा बेसूर होत नाही. पिंक फ्लॉइडच्या रिक राइटचा हॅमंड जिथे मोकळा ऐकू येतो तिथे ट्यूनर लावा. मेलोट्रॉनवर, म्हणजे टेपवरचे सूर वाजवणाऱ्या कीबोर्डवर, मात्र मुळीच विसंबू नका. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली सुमारे आठ सेकंदांची टेप असते, आणि बऱ्याच पट्ट्या एकदम दाबल्या की मोटरवर ताण येऊन सूर हलतो. किंग क्रिम्झन या बँडच्या १९७३-७४ च्या टेपा मेलोट्रॉनच्या आधाराने जुळवायला गेलात तर बरोबर वाजणारं व्हायोलिन बेसूर करून बसाल. त्या काळचे सिंथेसायझरही मंचावरच्या उष्णतेने सरकायचे.

मोजमाप एका जागी करून थांबू नका. सुरुवात, मध्य, शेवट, तिन्हीकडे बघा. मैफिलीत बॅटरी उतरत गेली की रेकॉर्डर मंदावतो आणि नंतर योग्य वेगाने ऐकताना सूर हळूहळू चढत जातो. अशा टेपला एकच आकडा लावून भागत नाही.

डॅटवरून (डिजिटल ऑडिओ टेपवरून) आलेल्या प्रतींची गोष्ट वेगळी. ४८ किलोहर्ट्‌झची फाइल कुणी ४४.१ समजून उघडली की सगळं आठेक टक्क्यांनी रेंगाळतं आणि सूर जवळपास दीड अर्धस्वर उतरतो. इतकी मोठी आणि टोकापासून टोकापर्यंत सारखी चूक दिसली तर आधी हाच संशय घ्या.

हिस पुसून काढण्याचा हव्यास

हिस म्हणजे टेपची स्वतःची सरसर. ती घालवायला सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन जोरात लावलं की टाळ्या पाण्यात बुडतात आणि झांजांच्या शेपटीला चिवचिव येते. त्यातही सॉफ्टवेअरला द्यायचा हिसचा नमुना चुकीच्या जागेवरून घेतला जातो. दोन गाण्यांमधली शांतता म्हणजे निव्वळ हिस नसते, तिच्यात हजारो माणसांचा श्वास आणि सभागृहाचा घुमारा असतो. तो नमुना दिलात तर सॉफ्टवेअर अख्खं सभागृह पुसायला निघतं. नमुना हवाच असेल तर कॅसेटच्या सुरुवातीला, माइक उघडण्याआधी, थोडी कोरी टेप फिरलेली असते तिथून घ्या. आणि मात्रा अगदी कमी ठेवा. हिसच्या आतून संगीत ऐकायला कान दोन मिनिटांत सरावतो, चिवचिवाटाला सरावत नाही.

प्रत्येक गाणं वेगळं कापून आवाज सारखा करणं हीही याच जातीची चूक. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ची सुरुवात मंद आहे, ती मंदच राहू द्या. आवाज वाढवायचा तर अख्ख्या मैफिलीचा एकदम आणि सारखाच वाढवा. हे संगीत दबा धरून येतं आणि मग कोसळतं. ती उंची सपाट केली तर उरतं काय?

सांधा लपवणे

सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटांची. ‘डार्क साइड ऑफ द मून’ मंचावर सलग वाजवली जायची, त्यामुळे कुठेतरी बाजू पालटावी लागायची आणि काही सेकंद हातचे जायचे. ती फट दुसऱ्या कुणाच्या टेपमधून भरायला हरकत नाही. पण कुठल्या मिनिटाला, कोणत्या टेपमधून, किती सेकंद भरले हे लिहून ठेवा. न सांगता केलेली भर पुढच्या माणसाला त्याच रात्रीची वाटते. दुसऱ्या रात्रीचा तुकडा असेल तर तो इतिहासच खोटा करतो.

एमपीथ्रीला फ्लॅकचे कपडे

फ्लॅकमध्ये आवाजातलं काही गळत नाही, एमपीथ्रीत गळतं. कुणीतरी दिलेली फ्लॅक फाइल मूळची एमपीथ्री असू शकते. स्पेक्ट्रममध्ये १६ किलोहर्ट्‌झच्या आसपास कड्यासारखी सरळ कापलेली रेघ दिसली तर शंका घ्या. कॅसेटमध्येही वरचे सूर कमी असतात, पण तिथे उतार हळूहळू येतो आणि हिस वर रेंगाळत राहतो. तुमची स्वतःची पहिली प्रत २४ बिटमध्ये घ्या, फ्लॅकमध्ये ठेवा आणि तिच्यावर कसलाही प्रयोग करू नका. दुरुस्ती कायम दुसऱ्या प्रतीवर.

नावं “सुधारणे”

१९७५ च्या टेपवर ‘शीप’ आणि ‘डॉग्ज’ अशी नावं टाकलेली सर्रास दिसतात. त्या रात्री ती गाणी ‘रेव्हिंग अँड ड्रूलिंग’ आणि ‘यू गॉटा बी क्रेझी’ होती. तीच नावं लिहा, हवं तर पुढे कंसात नंतरचं नाव द्या. तारीख कॅसेटवर लिहिलीय म्हणून खरी मानू नका. पाच रात्रींपैकी नेमकी कोणती, हे गाण्यांचा क्रम, मंचावरचं बोलणं आणि वाजवताना झालेली एखादी ठळक चूक ताडून ठरवा. टेप मूळ आहे, पहिली प्रत आहे की कितवी, कोणत्या डेकवर घेतली, वेग किती टक्के बदलला, हे सगळं फाइलींसोबत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा.

आज स्वतः रेकॉर्डिंग करायचा विचार असेल तर आधी बँडची भूमिका बघा. काही बँड परवानगी देतात. किंग क्रिम्झनच्या रॉबर्ट फ्रिपचा मात्र याला कायम कडाडून विरोध राहिला, तरीही क्रिम्झनच्या १९६९ च्या मार्की क्लबमधल्या कार्यक्रमाची प्रेक्षकांतून आलेली टेप १९९८ मध्ये बँडच्याच कलेक्टर्स क्लबने काढली. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नुसार कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे, त्यामुळे न विचारता केलेलं रेकॉर्डिंग विकायला काढणं सरळसरळ गुन्ह्याकडे जातं.