गॅलरीत घरटं झालंय? या चुका टाळा

पाडव्याच्या साफसफाईत गॅलरीतली जळमटं काढताना झाडू जरा आवरा. कपड्यांच्या तारेला किंवा बोगनवेलीला लोंबणारा कोळिष्टकांचा, सालपटांचा, वाळक्या पानांचा तो वीतभर बोंगा शिंजिराचं, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याचं, घरटं असू शकतो. बाजूला, वरच्या अंगाला गोल तोंड आणि त्यावर इवलासा छज्जा दिसला, की समजा. मादी एकटीच हे सगळं विणते आणि आत मऊ कापूस अंथरते. नर जवळपास मिरवत असतो, कामाला काही हात लावत नाही.

साफसफाईतून वाचलेली बरीच घरटी पुढे आपल्या कौतुकानेच मोडतात. शेजाऱ्यांना बोलवायचं, मोबाइल आत घालायचा, फोटोत नीट दिसावं म्हणून मधली दोन पानं खुडायची. पानं खुडू नका, अगदी एकसुद्धा नको. त्याच पानांच्या आडोशाने पिल्लांवर दुपारचं ऊन येत नाही आणि कावळ्याची नजर जात नाही. कावळा आपल्यावरही पाळत ठेवून असतो. तुम्ही कुठे वाकून वाकून बघता, हे त्याला बरोबर कळतं. भारद्वाजही अंडी-पिल्लं सोडत नाही. घरटं बांधताना आणि अंडी असताना पक्षी सगळ्यात बुजरे असतात, जरा त्रास झाला की जागा सोडतात. म्हणून काचेआडून, पडद्याच्या फटीतून बघा. फ्लॅश नकोच.

‘दोन दिवस मादी बसलीच नाही, टाकून गेली वाटतं’ म्हणून अंडी उचलायची घाई करू नका. बुलबुलासारखे छोटे पक्षी दिवसाला एकच अंडं घालतात आणि सगळी घालून झाली की मगच नेटाने उबवायला बसतात. नंतरही मादी खाण्यापिण्यासाठी उठते. तुम्हीच समोर उभे असाल तर ती येणार कशी?

सगळ्यात जास्त गोंधळ पिल्लू खाली दिसल्यावर होतो. पिसं आलेली, आखूड शेपटीची, टुणटुण उडणारी पिल्लं बहुतेक वेळा घरट्यातून आपणहून उतरलेली असतात. बुलबुलाची पिल्लं तर धड उडता येण्याआधीच बाहेर पडतात. आईबाप जवळच असतात आणि चारा आणत राहतात. मांजर तेवढी आत कोंडा, पिल्लू जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. उघडं, पिसं नसलेलं पिल्लू असेल तर अलगद घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, ही निव्वळ समजूत आहे. घरटंच पडलं असेल तर तळाला भोकं असलेल्या छोट्या टोपलीत ते बसवून त्याच जागी बांधा. दूध-पोळी भरवू नका आणि चोचीत पाणी तर मुळीच सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं. पिल्लू जखमी असेल तर खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाला किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेला कळवा.

पाण्याचं भांडं ठेवा, पण घरट्यापासून लांब. तिथे कावळेही येतात.

पावसाळ्याआधीच्या छाटणीला सोसायटीत माणसं आली, की आधी फांद्या तपासायला सांगा. कुणी हुज्जत घातलीच, तर पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, हे ऐकवा. फांदी चार आठवड्यांनी तोडली तरी बहुतेकदा काही अडत नाही.