रंगीत प्रकाश आणि रोपांतली एन्झाइम्स: या चुका टाळा

"लाल डब्यातल्या अळसांद्यांत एन्झाइम जास्त, निळ्यात कमी." फोंड्यात शाळांचे विज्ञान प्रकल्प तपासताना हे वाक्य मला दरवर्षी भेटतं. मुलांची मेहनत खरी असते, म्हणूनच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा हा फरक रंगाचा नसतोच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डब्यावरचा जिलेटीन पेपर. गडद निळा कागद बराच उजेड अडवतो, पिवळा जेमतेम. म्हणजे रंगासोबत उजेडही बदलला. त्यातून डबा खिडकीतल्या उन्हात असेल, तर लालच्या पलीकडचा, 730 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश निळ्या कागदातूनही आत शिरतो. रोपातलं फायटोक्रोम, म्हणजे प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य, 660 च्या लाल प्रकाशाने जागं होतं आणि 730 च्या प्रकाशाने पुन्हा निजतं. लेट्यूसच्या बियांवर हा खेळ 1952 मध्येच अमेरिकेत दिसला होता. त्यापेक्षा रंगीत एलईडी घ्या आणि अंतर कमी-जास्त करून उजेड सारखा करा. मोबाइलवरच्या लक्स मीटरने मात्र वेगवेगळ्या रंगांची तुलना करू नका. तो माणसाच्या डोळ्यासाठी बनलाय, हिरव्याला जास्त मोजतो, लाल-निळ्याला कमी. जवळच्या कॉलेजात पार मीटर, म्हणजे रोपांना उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारं यंत्र, असेल तर तासभर मागून आणा.

दुसरी चूक एन्झाइमच्या निवडीत. अमायलेजची, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमची, चाचणी सोपी, म्हणून सगळे तेच घेतात. पण बी मातीखाली, अंधारातच रुजतं, अमायलेजचं मुख्य काम तिथेच चालतं. रंगाचा परिणाम बघायचा असेल तर नायट्रेट रिडक्टेज, म्हणजे रोपाने घेतलेल्या नायट्रेटवर काम करणारं एन्झाइम, घ्या, प्रकाशाने ते स्पष्ट वाढतं. फक्त रोपांना नायट्रेट द्यायला विसरू नका, ते नसेल तर एन्झाइम नीट तयारच होत नाही.

आता आपल्या पावसाळ्याचं. गेल्या जुलैत एका मुलीच्या निळ्या डब्यातल्या अर्कात आयोडीन टाकलं तर रंग आलाच नाही, स्टार्च सगळं संपलेलं. ती खूश. मी बी भिंगाखाली धरलं, तर डोळ्यापाशी कापसासारखी पांढरी बुरशी. बुरशी स्वतःच अमायलेज सोडते! बिया सौम्य ब्लीचच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा, चांगल्या धुवा, कापूस ओला ठेवा पण पाणी साचू देऊ नका. आणि बुरशी लागलेलं एकही बी अर्कात घालू नका.

बल्बची उष्णताही फसवते, म्हणून प्रत्येक डब्यात थर्मामीटर ठेवा. तुलनेसाठी ठेवलेला अंधाराचा डबा "जरा बघते" म्हणून उघडू नका, काही मिनिटांचा उजेडही फायटोक्रोमला पुरतो. आणि प्रत्येक अर्काचा थोडा भाग उकळून वेगळा तपासा, उकळल्यावर एन्झाइम निकामी होतं. त्यातही स्टार्च नाहीसं झालं, तर गडबड एन्झाइममध्ये नाही, तुमच्या द्रावणात आहे.