सिंगल फिन नीट बसवा, मग बोर्डला दोष द्या

मुंबईच्या आसपास सर्फिंग शिकणारे बहुतेक जण फोमच्या सॉफ्ट टॉप बोर्डवर सुरुवात करतात, खाली तीन प्लास्टिकच्या फिन्स, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पाती, आणि मग कधीतरी लाँगबोर्ड हातात येतो ज्याच्या खाली मधोमध एकच मोठी फिन असते, की लगेच तक्रार सुरू, हा बोर्ड वळतच नाही. वळतो हो. फक्त वळवायची पद्धत वेगळी आहे आणि फिन बॉक्समध्ये, म्हणजे बोर्डच्या तळातल्या लांब खाचेत, कुठे बसवलीय यावर निम्मा खेळ ठरतो. नवा बोर्ड बघायच्या आधी एवढं करून बघा.

पहिलं म्हणजे फिन हे सुकाणू नाही. फिन बोर्डला वळवत नाही, ती टेल, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, धरून ठेवते. बिनफिनचा बोर्ड लाटेवर तिरका गेला की त्याची टेल सरळ बाजूला घसरते, पूर्वीच्या लाकडी बोर्डांचं हेच व्हायचं. १९३५ मध्ये टॉम ब्लेकने एका स्पीडबोटीची कील, म्हणजे तळाचं उभं पातं, काढून आपल्या बोर्डला लावली आणि तिथून फिन आली. पुढे कितीतरी वर्षं एकच फिन चालली. मग १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन फिन्सचा थ्रस्टर बनवला, १९८१ ला त्याच्यावर बेल्स बीच आणि पाइपलाइन दोन्ही स्पर्धा जिंकल्या, आणि सगळं जग तीन फिन्सवर गेलं.

फरक कुठे पडतो ते बघा. थ्रस्टरच्या बाजूच्या दोन फिन्स नोजकडे, म्हणजे बोर्डच्या पुढच्या टोकाकडे, किंचित आत वळलेल्या आणि बाहेर कललेल्या असतात, आतून बऱ्याचदा सपाट, बाहेरून फुगीर. त्यामुळे पायाने दाबत दाबत वर-खाली केलं की बोर्ड पुढे ढकलला जातो, याला पंपिंग म्हणतात. सिंगल फिन दोन्ही बाजूंनी सारखी, सरळ उभी. तिच्यावर पंप केलं तर असलेला वेगही जातो. इथे वेग लाटेकडूनच घ्यायचा, म्हणजे लाटेच्या वरच्या भागात राहायचं आणि बोर्डची कड, म्हणजे रेल, पाण्यात धरून ठेवायची. वसई-विरारकडच्या राजोडीसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर लाट बऱ्याचदा कंबरेच्या आतबाहेर आणि मऊ असते, तिच्यावर लांब बोर्ड आणि एक फिन हे माझ्या मते सगळ्यात चांगलं कॉम्बिनेशन आहे. लहान लाटेवर पाय हलवत बसण्यापेक्षा लाट वाचायला शिकणं जास्त कामाचं.

साइजचा ठोकताळा सोपा आहे, बोर्ड जितके फूट तितके इंच फिन. ९ फुटी बोर्डला ९ इंची. तुमचं वजन कमी असेल तर अर्धा-एक इंच लहान घ्या. बाजूला साइड बाइट, म्हणजे दोन छोट्या फिन्स, लावायच्या असतील तर मधली ६-७ इंची पुरते.

आकाराचं जरा नीट बघा. उभी, रुंद, वरपर्यंत जाड राहणारी पिव्हट फिन टेल घट्ट धरते, नोजवर चालत जायचं असेल तर हीच, आणि मागे येऊन पाय दाबला की बोर्ड जागच्या जागी फिरतो. मागे झुकलेली, टोकाला निमुळती फिन लांब गोल वळणं देते. आपल्याकडे अजून एक कारण आहे मागे झुकलेली घ्यायचं, ते म्हणजे प्लास्टिक. उभ्या फिनवर पिशवी किंवा जाळ्याचा तुकडा अडकला की निघत नाही, झुकलेल्या फिनवरून बऱ्याचदा सरकून जातो. लाटेवर चांगला वेग असताना बोर्ड अचानक जड झाला तर आधी हात घालून फिन चाचपा, नव्वद टक्के पिशवीच असते.

आता बसवायचं. लाँगबोर्डचा बॉक्स साधारण १०.५ इंच लांब असतो, आत दोन्ही बाजूंना खाच. आधी सगळी वाळू धुऊन काढा. छोटी चौकोनी प्लेट मधल्या मोकळ्या जागेतून आत सोडा, तिच्यात स्क्रू दोन आटे फिरवून त्यालाच धरून पुढे सरकवा, नाहीतर नखाने ढकलत बसाल आणि ती आत आडवी होईल. स्क्रू काढा. फिनच्या मागच्या बाजूची आडवी पिन त्याच मोकळ्या जागेतून घालून मागे सरकवा, मग पुढचा भाग खाली दाबा, भोक प्लेटवर आलं की स्क्रू लावा. हाताला घट्ट लागला की बस, जोर लावून पिळू नका. एक जादा स्क्रू आणि प्लेट वॅक्सच्या डबीत ठेवा, वाळूत पडलेली प्लेट परत मिळत नाही.

जागा ठरवताना पहिल्यांदा बॉक्सच्या मधोमध बसवा आणि बोर्डवर पेन्सिलने खूण करा. त्या जागेवर पाच-सहा लाटा घ्या. बोर्ड सरळच पळतोय, वळायला आळस करतोय, तर फिन अर्धा इंच पुढे घ्या. टेल सुटतेय, उभ्या लाटेवर घसरतेय, तर अर्धा इंच मागे. एका वेळी एकच बदल करा, फिनही बदलली आणि जागाही बदलली तर काय कशामुळे झालं ते कळणार नाही. अर्ध्या इंचाने काय होणार असं वाटतं ना, करून बघा, पायाखाली फरक लगेच लागतो.

चालवताना घाई नको. टेकऑफ, म्हणजे लाट पकडून उभं राहणं, थोडा तिरका घ्या, खाली आलात की मागे एक-दोन पावलं येऊन मागचा पाय टेलवर, जायचंय तिकडे बघा, खांदा वळवा आणि अख्खं अंग रेलवर कलू द्या. मग थांबा. थ्रस्टरवाल्यांना हे थांबणंच जमत नाही, वळण पूर्ण व्हायच्या आत दुसरा झटका देतात आणि बोर्ड मरतो. वळण पूर्ण झालं की पावलं टाकत पुढे या, बोर्ड सपाट होऊन पळायला लागेल. वेग जास्त झाला, लाटेच्या पुढे निघालात, तर मागे येऊन टेल दाबा.

भरती-ओहोटी बघितल्याशिवाय निघू नका. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि ९ इंची फिन वाळूत रुतली की बॉक्सच उखडतो. गुडघाभर पाणी आलं की उतरा, वाळूपर्यंत पळवत आणू नका. आणि पडताना आडवं, उथळ पडा, वर येताना दोन्ही हात डोक्यावर ठेवा, फायबरची फिन कातडी कापते. नवीन असाल तर तिची मागची कड २२० नंबरच्या पॉलिश पेपरने थोडी बोथट करून घ्या.

फिनमधून गुणगुणल्यासारखा आवाज येत असेल तर मागच्या कडेवर कुठेतरी टवका उडालाय, बोट फिरवून शोधा आणि त्याच पेपरने ती कड एकसारखी करा, आवाज जातो. घरी आलात की स्क्रू काढून बॉक्स गोड्या पाण्याने धुवा, आपल्या दमट हवेत मीठ तसंच राहिलं तर स्क्रू गंजून बसतो. गाडीच्या टपावर बोर्ड बांधायच्या आधी फिन काढून बॅगेत टाका. जून ते सप्टेंबर शिकाऊंनी इथल्या समुद्रात उतरायचंच नाही, तेव्हा बॉक्समधल्या भेगा तपासा आणि पाणी शिरत असेल तर बोर्ड पूर्ण सुकवून रेझिनने भरून घ्या.