जुन्या घराच्या छताचे पोपडे : आधी ओल शोधावी, मगच रंग लावावा

नाशिकमध्ये दिवाळीच्या तोंडावर रंगकाम काढण्याची रीत आहे आणि जुन्या घराच्या छतासाठी नेमका तोच काळ सर्वांत अयोग्य असतो. पावसाळाभर भिजलेला स्लॅब ऑक्टोबरमध्ये वरवर कोरडा दिसला तरी आत ओल धरून असतो, आणि त्यावर चढवलेला रंग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पोपडे धरतो. म्हणून दिवाळीला हवे तर भिंती रंगवाव्यात, पण छत राखून ठेवावे. गच्चीची दुरुस्ती मृगाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये उरकावी, एका पावसाळ्यात छताकडे लक्ष ठेवावे आणि रंग डिसेंबरनंतर द्यावा, असा क्रम मी आग्रहाने सुचवेन.

सुटलेला एखादा पोपडा हातात घेऊन त्याची मागची बाजू नीट पाहावी, कारण बहुतेक उत्तरे तिथेच मिळतात. बोटाला पांढरी भुकटी लागली, तर खाली जुना चुना आहे आणि त्यावर थेट डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट मारलेला आहे. असा रंग ओल नसतानाही सुटतो. मागे वाळूचे कण चिकटून आले, तर गिलावाच सैल झाला आहे. अशा वेळी हातोडीच्या दांड्याने आजूबाजूला हलकेच ठोकून पाहावे आणि जिथे पोकळ आवाज येईल तितका गिलावा काढून नवा करावा. मात्र तपकिरी डाग किंवा सळईच्या रेषेत सरळ चीर दिसली, तर रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते. त्यावर पुट्टी भरणे म्हणजे धोका झाकून ठेवणे होय.

ओल वरून येते की खोलीतल्या वाफेमुळे धरते, हे ठरवण्यासाठी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने छताला घट्ट लावून २४ तास ठेवावा. छताकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल स्लॅबमध्ये आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर स्वयंपाकघर किंवा न्हाणीघराला एक्झॉस्ट फॅनची गरज आहे. नाशिकच्या सिडको वसाहतीतील जुन्या घरांप्रमाणे डोक्यावर थेट गच्ची असेल, तर तिचा उतार, पन्हाळीचे तोंड, कठड्याचा सांधा आणि पाण्याच्या टाकीखालची जागा तपासावी. वर दुसऱ्यांचे न्हाणीघर असल्यास त्यांना विनंती करून ते काही दिवस वापरायचे थांबवावे आणि डाग सुकतो का ते पाहावे. पंख्याच्या हुकाजवळ ओल असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या वायरिंगचा वीजपुरवठा बंदच ठेवावा.

छत पूर्ण सुकल्यावर पाण्याचा फवारा मारून, ओलसर असतानाच पत्र्याने रंग खरवडावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित ठेवणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या, विशेषतः ऑइल पेंटच्या थरांत शिसे असू शकते. त्यामुळे कोरडे घासणे टाळावे, धुळीचा चांगला मास्क लावावा आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. चुना असेल तर तो ओल्या स्पंजने, बोटाला पांढरे लागेनासे होईपर्यंत पुसून काढावा; या पायरीवर घाई केली, तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. त्यानंतर शिल्लक रंगाच्या कडा ओल्या ठेवूनच पाण्याच्या पॉलिश पेपरने उतरत्या कराव्यात, छत पुन्हा पूर्ण सुकू द्यावे, प्रायमर लावावा, पुट्टीचे दोन पातळ हात द्यावेत, घासून पुन्हा प्रायमर आणि मग इमल्शनचे दोन हात द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा.

पंचवटी किंवा जुन्या नाशकातील वाड्यांत लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे छत असते. लाकूड हवामानानुसार फुगते-आकसते, त्यामुळे तिथे सिमेंटची पुट्टी कधीही वापरू नये. सुटलेला रंग काढून, वाळवी तपासून, लाकडाचा प्रायमर व ऑइल पेंट द्यावा आणि फळ्यांमधल्या फटी बुजवू नयेत.